नवं मोटारहोम घेतलंय? पहिले दोन महिने असे घालवा

मोटारहोम घेतल्याची बातमी फुटली की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "मग यलोस्टोनला कधी निघताय?" माझं म्हणणं, इतक्यात नको. न्यू जर्सीहून यलोस्टोन दोन हजार मैलांच्या पलीकडे आहे. इतक्या लांब गेल्यावर पाण्याचा पंप का बंद पडला किंवा फ्रिज गार का होत नाही हे शोधत बसणं फार जिवावर येतं. तेच आपल्या दारात, दिवसाउजेडी, हाताशी वेळ असताना शोधलं तर त्यातली मजाही कळते.

मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर. घरात आपण नळ सोडतो, बटण दाबतो, फ्लश करतो आणि विसरून जातो. इथे पाणी, वीज, गॅस, सांडपाण्याची जागा, सामानाचं वजन आणि डोक्यावरची उंचीसुद्धा मोजून मिळते. ही मापं अंगवळणी पडली की नवखेपणाची धास्ती आपोआप ओसरते. म्हणून हा लेख मुख्यतः या मापांबद्दल आहे.

मी लिहिते आहे ते क्लास सी प्रकाराबद्दल. फोर्ड ई-४५० सारख्या गाडीवर बांधलेलं, साधारण २४ ते २८ फूट लांब, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांची सुरुवात यानेच होते. ई-४५० चं भरल्या गाडीचं कमाल वजन १४,५०० पौंड असतं, म्हणजे २६,००० पौंडांच्या मर्यादेच्या बरंच आत, त्यामुळे नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. लायसन्सपेक्षा घराच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे, नियम आधी वाचा. बऱ्याच टाउनहोम वसाहतींत ड्राइव्हवेवर आरव्ही (मोटारहोमसारखी राहायची गाडी) उभी ठेवायला मनाई असते, सामान भरण्यापुरती एखाद-दोन दिवसांची सूट मिळते. तसं असेल तर स्टोरेज लॉटमधली जागा गाडी घरी यायच्या आधीच बघून ठेवायला हवी.

ताबा घेताना घाई करू नका

डीलर तुम्हाला गाडी फिरून दाखवतो. त्यासाठी अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा. सांगणारा माणूस हे रोज सांगत असतो, त्यामुळे भराभर बोलतो. ऐकणारा पहिल्यांदाच ऐकत असतो, रात्रीपर्यंत निम्मं विसरतो.

नुसतं दाखवून घेऊ नका, चालवून घ्या. फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हीवर चालतो का? गिझर दोन्हीवर पेटतो का? एसी लावून अर्धा तास बसा. स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, पूर्ण बाहेर काढा, आत घ्या. पाण्याची टाकी भरायला लावा, प्रत्येक नळ सोडा, आणि मग सिंकखाली, बाथरूमच्या कपाटात, गिझरच्या मागे कोरडा टिशू पेपर दाबून फिरवा. डोळ्यांना न दिसणारी गळती टिशूवर लगेच उमटते. शिडीने छतावर चढून बघा. एसी, व्हेंट, स्कायलाइट यांच्या कडेने लावलेलं सीलंट कुठे सुटलंय का, भेग आहे का, याचे फोटो काढून ठेवा. मोटारहोम मोडीत निघतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, छतातून मुरलेल्या पाण्यामुळे. आत लाकडी सांगाडा असेल तर तो कुजायला लागतो आणि ते बाहेरून कळत नाही. छताची ही तपासणी पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी करायची आहे.

नव्याकोऱ्या गाडीतही दोष निघतातच: सैल स्क्रू, उलटा बसवलेला ड्रॉवर, न पेटणारा बर्नर. ते लिहून काढा आणि दुरुस्त झाल्यावरच पूर्ण पैसे द्या. घराच्या भागाची वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची असते, आणि उन्हाळ्यात सर्व्हिस सेंटरची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. हे पहिले दोन महिने गाडी सतत वापरा असं म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट डीलर स्वतःहून सांगेलच असं नाही. झोपायची जागा सहाजणांची असली तरी सीटबेल्ट किती आहेत ते मोजा. प्रवासी तेवढेच. मुलाची कारसीट पुढे तोंड असलेल्या आणि नीट पट्टा असलेल्या सीटवरच बसवायची, कडेच्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या जेवणाच्या बाकावर नाही. आणि गाडी चालू असताना कोणीही बाथरूमला उठायचं नाही. आपल्याकडे "दोनच मिनिटं" म्हणून उठायची सवय असते. ब्रेक लागला की त्या दोन मिनिटांत माणूस पुढच्या काचेपर्यंत येतो.

उंची, वजन, टायर

पहिल्याच शनिवारी टेप घेऊन गाडीची उंची स्वतः मोजा, छतावरच्या एसीच्या टोकापर्यंत. माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका, कारण अँटेना किंवा सोलर पॅनेल नंतर बसवलेलं असू शकतं. फूट आणि इंचांत मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद डॅशबोर्डवर चिकटवा. क्लास सी साधारण ११ फुटांच्या आसपास भरते.

आपल्या भागात हा आकडा फार महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कचे जुने पार्कवे, हचिन्सन रिव्हर किंवा सॉ मिल, यांच्यावरचे कमानीचे दगडी पूल ठेंगणे आहेत आणि त्यांना उंच गाड्या सतत आदळतात. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर तर ८ फुटांपेक्षा उंच वाहनाला परवानगीच नाही. मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला कारवाले समजून बिनधास्त तिकडे नेईल. उंची, लांबी, वजन भरता येणारं आरव्हीसाठीचं जीपीएस किंवा ॲप घ्या. पार्किंग गॅरेज, बँकेचं आणि कॉफीचं ड्राइव्ह-थ्रू हे आता आपल्यासाठी नाहीत, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सवयीने कोणीतरी "इथूनच घेऊ या ना" म्हणतंच.

वजनासाठी दाराजवळचं पिवळं किंवा पांढरं स्टिकर वाचा. त्यावर किती पौंड सामान चालेल ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना धक्का बसतो. एक गॅलन पाणी ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. वर माणसं, स्टीलचे डबे, दहा किलो तांदूळ, खुर्च्या, सायकली. पहिल्या खऱ्या सहलीला निघताना, सगळं भरून, हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी एकदा मोजून घ्या. कॅट स्केल अशा पाट्या असतात. थोड्या पैशांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागचा ॲक्सल मर्यादेला टेकलेला असेल तर जड सामान पुढच्या कप्प्यांत हलवा. पाणी मुक्कामाजवळ पोचल्यावर भरायचं ठरवलं तरी बराच भार कमी होतो.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी उभीच जास्त असते. वरून चांगले दिसत असले तरी पाच-सात वर्षांनी बदलावे लागतात. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर तपासायची. मागे दोन-दोन चाकं असतात, त्यातल्या आतल्या चाकापर्यंत साधा गेज पोचत नाही, लांब दांड्याचा घ्या.

रिकाम्या पार्किंग लॉटमधली सकाळ

रविवारी सकाळी लवकर एखादा मोठा रिकामा लॉट गाठा. चार-सहा ट्रॅफिक कोन, एक खडू आणि सोबत एक माणूस.

सर्वात आधी शेपटीचा झोक समजून घ्या. मागच्या चाकांच्या पुढे नाही, मागे जो भाग लोंबतो, तो गाडी वळताना उलट्या दिशेला बाहेर फेकला जातो. गाडी पार्किंगच्या पांढऱ्या रेघेला डावी बाजू लावून सरळ उभी करा. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि अगदी सावकाश पुढे जा. मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभ्या असलेल्या माणसाने तो कोपरा रेघेच्या बाहेर कुठवर गेला तिथे खडूने खूण करायची. मग खाली उतरून ती खूण स्वतः बघा. मागचा भाग नऊ फूट लोंबत असेल तर खूण रेघेपासून तीन फुटांच्या आसपास दिसेल. पेट्रोल पंपाशेजारच्या पिवळ्या खांबाला मागचा कोपरा का घासतो, हे ती खूण बघितल्यावर कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

मग उजवं वळण. कारपेक्षा चौकात बरंच पुढे जाऊन स्टिअरिंग वळवायचं आणि आरशात मागचं चाक फुटपाथवर चढत नाही ना ते बघत राहायचं. मग रिव्हर्स. मागे उभ्या माणसाने ओरडायचं नाही, फोनवर बोलायचं. तो आरशात दिसेनासा झाला की ड्रायव्हरने तिथल्या तिथे थांबायचं. "उजवीकडे घे" यात कोणाचं उजवं हे आधी ठरवा: नेहमी ड्रायव्हरचं. नवरा-बायकोंचे कॅम्पग्राउंडवरचे निम्मे वाद या एका गोष्टीने टळतात, असं माझं ठाम मत आहे. शंका आली की हँडब्रेक लावून उतरा आणि बघा. मागे कोणी ताटकळत असेल तर असू दे.

घरातल्या दोघांनी शिकायचं आहे. एकटा गाडी चालवणार आणि दुसरी फक्त नकाशा बघणार, असं ठरवू नका. त्या एकट्याची पाठ धरली की सहल संपते.

हायवेवर ताशी ६० मैल पुष्कळ. बाजूने ट्रक गेला की गाडी आधी ढकलली आणि मग ओढली जाते, स्टिअरिंग घट्ट पण शांत धरा. उतारावर टो-हॉल मोड लावा म्हणजे गिअरच वेग आवरतो आणि ब्रेक तापत नाहीत.

वीज: तीन वेगळे स्रोत

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. गाडीत १२ व्होल्टची घराची बॅटरी असते. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (गाडी गरम करणाऱ्या भट्टीचा) पंखा, फ्रिज-गिझरचे कंट्रोल चालतात. इंजिनाची बॅटरी वेगळी. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले बहुतेक प्लग १२० व्होल्टवर चालतात, ती वीज एकतर कॅम्पग्राउंडच्या खांबातून येते किंवा जनरेटरमधून. इन्व्हर्टर असेल तर काही ठरावीक प्लग बॅटरीवरही चालतात. कोणते, ते फोनचा चार्जर घेऊन एकेक प्लग तपासून त्यावर छोटा स्टिकर लावा.

बहुतेक क्लास सी गाड्यांना ३० अँपिअरचं कनेक्शन असतं. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट, अख्ख्या घराला मिळून. एसी १२ ते १५ अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह १३, विजेची किटली १२, गिझर विजेवर लावला तर आणखी १२. इन्स्टंट पॉट ८, मिक्सर ५-६. आता तुमची सकाळ डोळ्यांसमोर आणा: जुलै महिना, एसी चालू, चहाला किटली लावली, खिचडी पॉटमध्ये आणि कोणीतरी चटणी वाटायला मिक्सर सुरू केला. ब्रेकर उडणारच. आमच्याकडे नियम साधा आहे. एसी चालू असेल तर सोबत एकच मोठं उपकरण, गिझर गॅसवर, आणि चहा गॅसवर, जसा तो असायला हवा.

खांबाला जोडताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग सर्ज प्रोटेक्टर, मग केबल, मग ब्रेकर चालू. सर्ज प्रोटेक्टर नुसता झटका अडवणारा नको, कमी व्होल्टेजला आणि चुकीच्या वायरिंगला वीज तोडणारा घ्या. महाग असतो पण एसी त्याहून महाग आहे.

घरी साध्या १५ अँपिअरच्या प्लगला ॲडॅप्टर लावून बॅटरी चार्ज करता येते, फ्रिज चालतो. एसी लावू नका, वायर तापते. आणि घरी ३० अँपिअरचा प्लग बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला लिहून द्या: "आरव्हीसाठी टीटी-३०, १२० व्होल्ट." तीस अँपिअर म्हटलं की काहीजण सवयीने कपडे वाळवायच्या ड्रायरसारखं २४० व्होल्टचं कनेक्शन देतात आणि पहिल्याच वेळी गाडीतली उपकरणं जळतात. जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज बघा. हे मी कळकळीने सांगते आहे.

साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज विश्रांतीत १२.६ च्या पुढे असेल तर ती भरलेली, १२.१ च्या आसपास आली की निम्मी. त्याखाली नेऊ नका, आयुष्य घटतं. लिथियमचं गणित वेगळं, तिथे व्होल्टेजवरून अंदाज येत नाही, मॉनिटर बसवा. थंडीच्या रात्री फर्नेस गॅसवर चालते म्हणून निश्चिंत झोपू नका, तिचा पंखा बॅटरीवर असतो.

जनरेटर बहुधा गाडीच्याच पेट्रोलच्या टाकीतून इंधन घेतो आणि टाकी पाव भरलेली राहिली की आपोआप बंद पडतो, तुम्ही अडकून पडू नये म्हणून. महिन्यातून एकदा दोन तास, एसी लावून, तो चालवायचा. नुसता पडून राहिला तर आतलं पेट्रोल चिकट होतं.

गॅस

क्लास सीची प्रोपेनची टाकी सांगाड्याला पक्की असते. बार्बेक्यूच्या सिलिंडरसारखी काढून बदलता येत नाही, गाडी पंपावरच न्यावी लागते. टाकी ८० टक्केच भरतात, वरची जागा गॅस फुगण्यासाठी. एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात, म्हणजे ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर एक गॅलन तीन तासांत संपतो. स्वयंपाकाला मात्र फारच थोडा लागतो.

फ्रिज जुन्या, शोषण पद्धतीचा असेल तर त्यातलं अमोनियाचं द्रावण उतारानेच फिरतं. गाडी तिरकी उभी करून तो तासन्‌तास चालू ठेवला तर कायमचा बिघडू शकतो. गार व्हायलाही त्याला बरेच तास लागतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच सुरू करा आणि आत घरच्या फ्रिजमध्ये गार केलेलंच सामान ठेवा.

आता फोडणीचा प्रश्न. मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक अलार्म बोंबलतो. कारण चिमणीचा पंखा चालू असला तरी धूर बाहेर जातच नसतो. गाडीच्या बाहेरून त्या चिमणीचं झाकण बघा. त्याच्या खालच्या बाजूला दोन छोट्या प्लास्टिकच्या चिमट्या असतात, झाकण प्रवासात फडफडू नये म्हणून. मुक्कामी पोचल्यावर त्या बोटाने फिरवून मोकळ्या करायच्या, निघताना पुन्हा लावायच्या. कित्येक मालकांना हे माहीतच नसतं. शिवाय छताचं व्हेंट उघडा आणि समोरची खिडकी बोटभर सरकवा. उघड्या आचेवर स्वयंपाक करताना हवा खेळती हवीच, अलार्मसाठी नव्हे, श्वासासाठी. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कितीही गारठा असला तरी. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा डिटेक्टर काढून मागची मुदतीची तारीख वाचा. गॅसचा डिटेक्टर जमिनीजवळ असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड.

पेट्रोल भरताना गॅस बंद. आणि प्रवासाचा रस्ता ठरवताना बोगदे बघा. न्यूयॉर्कच्या लिंकन आणि हॉलंड टनेलमधून प्रोपेन नेता येत नाही. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर टनेललाही मोटारहोमच्या टाकीएवढं प्रोपेन चालत नाही. पूर्वी लोक तिथे फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून वळसा घालायचे, पण मार्च २०२४ मध्ये जहाज आदळून तो पूल कोसळला. आता आय-६९५ च्या पश्चिमेच्या बाजूने जावं लागतं.

पाणी आणि मैला

पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, बहुधा पांढरा किंवा निळा. बागेतला हिरवा वापरू नका. कॅम्पग्राउंडच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावा, ४० ते ६० पीएसआयचा, कारण काही ठिकाणी दाब इतका असतो की आतले जोड सुटतात. गाडीवर पाण्याची दोन तोंडं असतात, एक टाकी भरायचं आणि एक थेट नळाचं. थेट नळ जोडलेला असताना आतला पंप बंद ठेवा. आणि गिझरमध्ये पाणी भरलंय, गरम तोटीतून धार येते आहे, याची खात्री झाल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू नका. कोरडा गिझर काही क्षणांत कॉइल जाळतो.

पहिल्या वापराआधी टाकी स्वच्छ करा. दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता, टाकी भरा, प्रत्येक तोटीला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी रिकामी करून वास जाईपर्यंत धुवा.

सांडपाण्याच्या टाक्या दोन. सिंक-शॉवरची ग्रे, संडासाची ब्लॅक. ब्लॅकचा व्हॉल्व्ह नेहमी बंद. सीवरचं कनेक्शन असलं तरी बंद. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ आत डोंगर करून वाळतो, मग तो काढणं महाकठीण. रिकामी केल्यावर लगेच दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायन आत टाका, आणि टाकी किमान दोन-तृतीयांश भरल्यावरच पुढच्या वेळी सोडा.

आपण मराठी माणसं संडासात पाणी वापरतो, आणि याबद्दल कुठल्याच इंग्रजी पुस्तिकेत काही लिहिलेलं नसतं. ही सवय सोडायची गरज नाही. पाण्यामुळे मळ पातळ राहतो, टाकी साफ रिकामी होते, कागदही कमी लागतो. फक्त टाकी लवकर भरते, म्हणून पाहुणे असतील तर एक दिवस आधीच हिशोब धरा. स्प्रे असेल तर वापरून झाल्यावर भिंतीवरची तोटी बंद करा, नुसत्या ट्रिगरवर भरवसा नको, प्रवासात तो दबून गळू शकतो. टाकीचा दर्शक खोटं बोलतो, कारण भिंतीला चिकटलेला कचरा त्याला भरलेली टाकी वाटते. किती दिवसांत भरते याचा स्वतःचा अंदाज बांधा.

ग्रे टाकीसाठी एकच, पण महत्त्वाचं: तूप, तेल, आमटीचं बूड सिंकमध्ये जाऊ देऊ नका. भांडं आधी कागदाने पुसून मग धुवायचं. तेलाचा थर साबणाने निघत नाही आणि उन्हात वास घरभर पसरतो.

रिकामं करताना हातमोजे घाला. होज गाडीला पक्का लावा, दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात घालून वर दगड ठेवा. आधी ब्लॅक सोडा, पारदर्शक कोपऱ्यातून बघत राहा, धार थांबली की बंद करा. मग ग्रे सोडा, त्या साबणाच्या पाण्याने होज आतून धुतला जातो. म्हणून ग्रेचा व्हॉल्व्हही आदल्या दिवशी बंद ठेवून थोडं पाणी साठवून ठेवा. डंप स्टेशनवरचा (टाक्या रिकाम्या करायच्या जागेवरचा) होज धुण्याचा नळ पिण्याच्या पाण्याचा नाही, तिथे पांढरा होज चुकूनही लावू नका.

पहिली रात्र, पहिला मुक्काम

पहिली रात्र ड्राइव्हवेवर झोपा, किंवा एचओए परवानगी देत नसेल तर अर्ध्या तासावरच्या कॅम्पग्राउंडवर. स्वयंपाक, आंघोळ, झोप सगळं गाडीतच. काही लागलं तरी घरात जायचं नाही, वहीत लिहायचं: चिमटा, विळी, उशी, कचऱ्याच्या पिशव्या. झोपण्याआधी प्रत्येकाने आपत्कालीन खिडकी स्वतः उघडून बघायची, मुलांनीसुद्धा. भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांना वरचा पलंग देऊ नका, शिडी उतरताना रात्री तोल जातो. मागचा पलंग त्यांचा. दाराची पायरी उंच असते, खाली एक रुंद, न घसरणारा स्टूल ठेवा.

पुढचा मुक्काम तासाभरावर, दोन रात्रींचा, वीज-पाणी-सीवर तिन्ही असलेल्या जागी, आणि शक्यतो आरपार जाणारी साइट घ्या म्हणजे रिव्हर्स करावं लागणार नाही. पोचलात की आधी उतरून पायी फिरा. खांब, नळ, सीवर कुठे आहेत, वर फांदी आहे का, स्लाइड उघडली तर टेबलाला लागेल का. मग गाडी लावा, ठोकळ्यांवर समपातळीत आणा, चाकांना अडसर, मग वीज, मग स्लाइड, मग पाणी. सीवर सगळ्यात शेवटी. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं गुंडाळतं छप्पर) उघडली तर झोपताना आणि बाहेर जाताना गुंडाळा. एका जोराच्या वाऱ्यात तिचे हात वाकतात.

निघताना छापील यादी हवी. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने त्या वस्तूला प्रत्यक्ष हात लावून "झालं" म्हणायचं. केबल, होज, सीवरचं झाकण, अडसर, पायरी, ऑनिंग, अँटेना, छताची व्हेंट, चिमणीच्या चिमट्या, स्लाइड, फ्रिजच्या दाराची कडी, गॅस. स्टीलच्या डब्यांमध्ये टॉवेल घाला, नाहीतर शंभर मैल खणखणाट ऐकावा लागतो. मग गाडी दहा फूट पुढे घेऊन पुन्हा उतरा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काही राहिलं का ते बघा.

हे दोन-तीनदा झालं की हुकअप, म्हणजे वीज-पाणी-सीवरची जोडणी, नसलेली जागा घ्या. आपल्यासाठी व्हर्जिनियातलं शेनान्डोआ नॅशनल पार्क फार छान आहे. आय-७८, आय-८१ आणि आय-६६ धरून फ्रंट रॉयलला पोचलात तर वाटेत एकही त्रासदायक बोगदा नाही. पार्कातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरच्या मेरीज रॉक टनेलची उंची १२ फूट ८ इंच आहे, डॅशबोर्डवरचा कागद बघा आणि निर्धास्त जा. बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही, डंप स्टेशन आहे, जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत. दोन रात्री तिथे काढल्यात की तुमची बॅटरी किती टिकते, चारजणांना ४० गॅलन पाणी किती दिवस पुरतं, हे आकडे तुमचे स्वतःचे होतील. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

परत आल्यावर

दोन्ही टाक्या कॅम्पग्राउंडवरच रिकाम्या करून या. गाडी उभी करताना फ्रिज बंद करून त्याचं दार फटीएवढं उघडं अडकवून ठेवा, नाहीतर बुरशी धरते. बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच फिरवा, गॅस बंद करा, धान्य आणि फरसाणाचा कणही ठेवू नका, उंदीर शोधून काढतात.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात पहिलं हिमतुषार पडायच्या आधी, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, पाण्याच्या नळ्या हिवाळ्यासाठी तयार कराव्या लागतात. सगळं पाणी काढा, गिझर रिकामा करून बायपास करा, आणि पंपाने गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ ओढून प्रत्येक थंड आणि गरम तोटीतून गुलाबी रंग येईपर्यंत सोडा. शॉवर, संडास आणि बाहेरचा शॉवरही विसरू नका. दोन-तीन गॅलन पुरतात. कारच्या रेडिएटरचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते इथे अजिबात चालत नाही. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या मोरीत कपभर गुलाबी द्रव ओता, कारण खालच्या वाकड्या नळीत साठलेलं पाणीही गोठतं. पहिल्या वर्षी हे काम डीलरकडून करून घ्यायचं असेल तरी तिथे उभं राहून बघा, पुढच्या वर्षी तुम्हीच कराल.